चावा पोटरीला, घाव मेंदूला

डासाची सोंड कातडीत जाते ती जेमतेम दोन मिलिमीटर. चावा पोटरीवर, दंडावर, फार तर कानाच्या पाळीवर. खाज सुटते, गांधी उठते आणि सकाळपर्यंत आपण ते विसरूनही जातो. मग आठ-दहा दिवसांनी घरातलं सहा-सात वर्षांचं मूल तापाने फणफणतं, उलट्या करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला आकडी येते आणि ते आईलाही ओळखेनासं होतं. गावात म्हणतात, ताप डोक्यात गेला. डॉक्टर सांगतात, विषाणू मेंदूत पोचलाय, मेंदूला सूज आहे.

पोचला कसा? मेंदू हा शरीरातला सगळ्यात कडेकोट राखलेला अवयव. रक्तात सोडलेली कितीतरी औषधं तिथे शिरू शकत नाहीत. मग डासाच्या लाळेतून आलेला कण तिथवर जातो तो कुठल्या वाटेने?

याला जोडून दुसरं कोडं. डास काही त्या एकाच मुलाला चावलेले नसतात. एकाच पडवीत झोपलेली चार भावंडं, शेजारची पोरं, गोठ्याजवळ बाज टाकणारे आजोबा, सगळ्यांनाच चावलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची लागण झालेल्या सुमारे २५० जणांमागे एकालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना किरकोळ कणकण, बहुतेकांना तेवढीही नाही. म्हणजे मेंदूत शिरणं या विषाणूलाही सहजी जमत नाही. जमतं तेव्हा काय घडतं हे बघायचं, तर त्याच्या मागोमाग अगदी सुरुवातीपासून चालत जायला हवं.

बगळा, डुक्कर आणि धानाची बांधी

डासांमार्फत मेंदूपर्यंत जाणारे विषाणू बरेच आहेत. त्यातला आपल्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे जपानी मेंदूज्वराचा. नाव जपानी, कारण १९२४ साली जपानात याची मोठी साथ आली, सहा हजारांवर लोक आजारी पडले आणि १९३५ मध्ये तोक्योतल्या एका मृत रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू वेगळा करता आला. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ ची, तमिळनाडूतल्या वेल्लोरची. त्या शोधात पुण्याचा वाटा होता. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९५२ मध्ये पुण्यात उभं राहिलेलं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही), तेव्हा नुकतंच कामाला लागलं होतं. पुढे १९७३ मध्ये बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यात साथ आली, १९७८ मध्ये गोरखपूर भागात. आणि २००५ साली उत्तर प्रदेशात सुमारे सहा हजार जण आजारी पडले, १,३०० हून जास्त दगावले. त्यात बहुतेक मुलंच होती.

हा विषाणू मुळात माणसाचा नव्हेच. तो राहतो बगळे, ढोकरी, रातबगळे अशा पाणथळीतल्या पक्ष्यांत. त्यांच्याकडून डासांमार्फत तो डुकरांत जातो. डुक्कर सहसा आजारी दिसत नाही, पण त्याच्या रक्तात विषाणू काही दिवस भरपूर वाढतो आणि त्या दिवसांत चावणारे डास तो उचलतात. क्युलेक्स जातीतले हे डास साचलेल्या, गवताळ पाण्यात अंडी घालतात आणि भातशेतीइतकं सोयीचं पाणी त्यांना दुसरीकडे मिळत नाही. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानपट्ट्यात हा आजार दिसतो, त्याचं कारण इथेच आहे. रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी ठरलं, की डास वाढतात आणि त्यांच्यामागोमाग पावसाळ्याच्या उत्तरार्धात रुग्णही.

गायी-म्हशींना हे डास माणसापेक्षा कितीतरी जास्त चावतात. गुरांच्या रक्तात मात्र विषाणू पुरेसा वाढत नाही, त्यामुळे तिथे साखळी तुटते. माणसाच्या बाबतीतही तसंच. आपल्या रक्तात विषाणू इतका थोडा आणि इतके थोडे दिवस असतो, की आजारी माणसाला चावून डासाला तो मिळत नाही. विषाणूच्या दृष्टीने माणूस म्हणजे पुढे रस्ता नसलेली गल्ली. तो आपल्यात येतो ते चुकून, आणि त्या चुकीची किंमत मोजतं एखादं घर.

  

डासाच्या पोटातला मुक्काम

डासाने डुकराचं रक्त प्यायलं म्हणून तो लगेच दुसऱ्याला विषाणू देऊ शकत नाही. आधी विषाणूला डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरावं लागतं, तिथे वाढून पलीकडे पडावं लागतं आणि मग लाळग्रंथीपर्यंत पोचावं लागतं. याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. रानातल्या डासाचं आयुष्यच मुळात काही आठवड्यांचं. बरेच डास त्याआधीच मरतात. म्हणून ऐन साथीतही विषाणू बाळगणारे डास एकंदरीत थोडेच असतात.

जो डास जगतो, तो मात्र उरलेल्या आयुष्यात प्रत्येक चाव्यागणिक विषाणू सोडत राहतो. रक्त ओढताना मादी आधी लाळ टोचते. लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात आणि त्या जागेवरची रोगप्रतिकारक यंत्रणा थोडी मंदावणारेही. आपल्याला खाज येते ती याच लाळेमुळे. विषाणू त्यातूनच आत येतो.

त्याचा आकार किती? सुमारे ५० नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे वीस हजार कण ओळीने बसतील. आत आरएनएचा एक धागा, त्यावर अंदाजे ११ हजार अक्षरांचा मजकूर आणि त्या मजकुरातून तयार होणारी फक्त १० प्रथिनं. माणसाच्या जनुकीय मजकुरात तीनशे कोटी अक्षरं आहेत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर हा कण जे करतो ते पाहून, शत्रू असला तरी, थक्क व्हायला होतं.

कातडीपासून रक्तापर्यंत

कातडीत काही पेशी केवळ पाहऱ्यासाठी असतात. काही परकं दिसलं की ते गिळायचं, जवळच्या लसीका ग्रंथीत न्यायचं आणि तिथल्या लढाऊ पेशींना दाखवायचं, हे त्यांचं काम. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते याच ग्रंथी सुजल्यामुळे.

डासाने सोडलेला विषाणू नेमका या पाहरेकरी पेशींनाच लागतो. त्या आपलं काम इमानेइतबारे करतात, विषाणूला घेऊन ग्रंथीत जातात आणि तिथे तो आणखी वाढून रक्तात उतरतो. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. लागण झालेल्या पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडून आजूबाजूच्या पेशींना सावध करतात, काही दिवसांत प्रतिपिंडं तयार होतात आणि रक्तातला विषाणू पुसला जातो. ही शर्यत आहे आणि सगळा खेळ दोन-चार दिवसांचा आहे. विषाणू रक्तात जितका जास्त आणि जितका जास्त वेळ, तितकी त्याला मेंदूपाशी धडका मारायची संधी जास्त.

मुलांनाच हा आजार जास्त का होतो, याचंही उत्तर यातच आहे. जिथे हा विषाणू वर्षानुवर्षं फिरतोय, तिथल्या मोठ्या माणसांना लहानपणीच नकळत लागण होऊन गेलेली असते. त्यांची प्रतिपिंडं तयार असतात. मुलाची यंत्रणा हा विषाणू पहिल्यांदाच पाहत असते. जिथे विषाणू नव्यानेच येतो तिथे मात्र मोठेही सापडतात. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातल्या डुक्करपालन केंद्रांत हा विषाणू अचानक निघाला, तेव्हा तिथे आजारी पडलेल्यांत मोठी माणसं बरीच होती.

एर्लिखचा रंग मेंदूला का लागला नाही?

रक्तातून मेंदूत शिरणं इतकं अवघड का, हे आधी पाहू. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहत होते. यकृत रंगलं, मूत्रपिंड रंगलं, स्नायू रंगले. मेंदू कोरा राहिला. एर्लिखना वाटलं, मेंदूला हा रंग चढतच नसावा. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी प्रयोग उलटा केला. त्यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रंग चढत होता, मधे कुणीतरी अडवत होतं.

अडवणारं काय आहे ते दिसायला १९६७ साल उजाडलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळलं, की मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंतच वेगळी आहे. शरीरात इतरत्र या भिंतीच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात, त्यातून रक्तातले पदार्थ पाझरतात. मेंदूत शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. बाहेरून आणखी दोन थर: आधी वाहिनीला बिलगून बसलेल्या आधारपेशी आणि त्यावर तारकापेशींची पावलं, जी वाहिनीला जवळपास पूर्ण वेढून टाकतात. या सगळ्या व्यवस्थेला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. ही वाहिनी इतकी अरुंद, की तांबड्या पेशींना तिच्यातून एकेक करून, अंग चोरून जावं लागतं. मेंदूतल्या अशा सगळ्या केशवाहिन्या टोकाला टोक जोडून मांडल्या तर लांबी भरते सुमारे ६०० किलोमीटर.

मोठ्या गृहसंकुलाचं फाटक डोळ्यांसमोर आणलं तर हा अडसर समजायला सोपा जातो. दूधवाला, पेपरवाला, कामाच्या मावशी यांना वॉचमन ओळखतो, ते न थांबता आत जातात. प्राणवायू तसा जातो. मद्यार्कही जातो, म्हणून तर दारू चढते. ग्लुकोजसाठी खास वेगळं दार आहे, तिथे त्यालाच प्रवेश. बाकी कुणी आलं की ‘कुणाकडे जायचंय?’ आणि मग बाहेरच. रक्तातल्या प्रतिपिंडांनाही इथे मज्जाव आहे. रक्तात ती हजार असतील तर मेंदूभोवतीच्या पाण्यात एखादं सापडतं.

आत शिरायच्या वाटा

हा अडसर असूनही विषाणू आत जातो, त्याच्या तीन मुख्य वाटा शास्त्रज्ञांनी प्रयोगांतून शोधल्या आहेत. वाटा एकाच वेळीही चालू असू शकतात आणि कुठला विषाणू कुठली वाट जास्त वापरतो यात फरक आहे.

पहिली वाट वॉचमनच्या केबिनमधूनच जाते. विषाणू वाहिनीच्या भिंतीतल्या पेशीत रक्ताच्या बाजूने शिरतो आणि मेंदूच्या बाजूने बाहेर पडतो. कधी पेशीच्या आत वाढून, कधी नुसता एका बुडबुड्यात बसून पार होऊन. भिंत शाबूत राहते, टाके जसेच्या तसे राहतात.

दुसरी वाट रहिवाशाच्या गाडीच्या डिकीत बसून जाण्याची. काही पांढऱ्या पेशींना मेंदूत ये-जा करायची मुभा असते. विषाणू त्यांनाच लागलेला असेल तर तो त्यांच्या पोटातून आत जातो. गाडी ओळखीची, डिकी कोण उघडून बघतो?

तिसरी वाट फाटकाकडे फिरकतच नाही, ती जमिनीखालच्या ड्रेनेजच्या पाइपातून जाते. हातापायांच्या चेतापेशींचे लांब धागे पाठीच्या कण्यापर्यंत गेलेले असतात आणि त्यांतून दोन्ही दिशांना सामानाची वाहतूक सतत चालू असते. विषाणू त्या वाहतुकीवर स्वार होऊ शकतो. जपानी मेंदूज्वराचा चुलतभाऊ असलेल्या वेस्ट नाइल विषाणूचं २००७ मधलं संशोधन इथे फार बोलकं आहे. हॅमस्टरच्या मांडीतल्या मुख्य शिरेत, म्हणजे सायटिक नर्व्हमध्ये, विषाणू टोचला की तो कण्यापर्यंत जाऊन पाय लुळा पडे. ती शीर आधीच छेदलेली असली, की तो कण्यापर्यंत पोचत नसे.

भगदाड पडतं ते नंतर

इथवर वाचून वाटेल की विषाणू अडसर फोडून आत घुसतो आणि म्हणून मेंदू सुजतो. बरीच वर्षं अनेकांचा तसाच समज होता. रुग्णाच्या मेंदूत अडसर फुटलेला दिसतोच, त्यामुळे समज होणं साहजिक होतं. पण जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचे उंदरांवर प्रयोग करून रोजच्या रोज मेंदू तपासला गेला, तेव्हा क्रम उलटा निघाला. आधी विषाणू मेंदूत सापडला, मग तिथे दाह सुरू झाला आणि त्यानंतर अडसर गळू लागला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे आधी मोजके कण गुपचूप आत जातात. मेंदूच्या स्वतःच्या संरक्षक पेशींना त्यांचा सुगावा लागतो आणि त्या रासायनिक हाकाटी सुरू करतात. या रसायनांचं एक काम म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशींना इकडे बोलावणं, आणि दुसरं, त्यांना आत येता यावं म्हणून वाहिन्यांच्या भिंतीचे टाके सैल करणं. संकुलाच्या आत कुठल्यातरी मजल्यावर धूर दिसला, सायरन वाजला, अग्निशमनच्या गाड्या याव्यात म्हणून सगळी फाटकं सताड उघडली. मग त्या उघड्या फाटकांतून कोण येतंय हे कुणी विचारत नाही. रक्तातला उरलासुरला विषाणू आत येतो, पाणी आत झिरपतं, लढाऊ पेशींचे जथे येतात.

उंदरांतल्या त्याच प्रयोगात या हाकाटीतलं एक रसायन निकामी केलं, तेव्हा अडसराची हानी कमी झाली. आता यातला पेच बघा. दाह पूर्ण थांबवला तर विषाणूला रान मोकळं. दाह चालू ठेवला तर मेंदूच होरपळतो. यकृताच्या पेशी मेल्या तर नव्या तयार होतात, कातडीच्या होतात. मेलेली चेतापेशी सहसा भरून येत नाही. त्यामुळे जी लढाई शरीरात इतरत्र चार दिवसांचा ताप देऊन मिटली असती, तीच मेंदूत महाग पडते.

जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्याच कुळातला डेंग्यूचा विषाणू मुख्यतः रक्तवाहिन्या आणि प्लेटलेट्सच्या मागे लागतो, मेंदूकडे क्वचितच जातो. झिकाची तऱ्हा तिसरीच. तो आईच्या वारेतून गर्भापर्यंत जातो आणि गर्भाच्या मेंदूत अजून विभाजन पावणाऱ्या पेशी मारतो. ब्राझीलमध्ये २०१५ नंतर लहान डोक्याची बाळं जन्मली ती यामुळे. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, तेव्हा गरोदर बायकांवर विशेष लक्ष ठेवलं गेलं तेही याचसाठी.

चौकट: प्रत्येक मेंदूज्वर डासाचा नसतो

• चांदीपुरा: १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत सापडलेला विषाणू. तो डासाने नव्हे, वाळूमाशीने पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे जीव घेतले. आजार इतक्या झपाट्याने वाढतो की एक-दोन दिवसांत मूल हातचं जातं.

• स्क्रब टायफस: गवत-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा जिवाणूचा आजार. गोरखपूर भागातले अनेक मेंदूज्वर पुढे याचे निघाले. याला साधं, स्वस्त प्रतिजैविक लागू पडतं, म्हणून वेळेत ओळखणं मोलाचं.

• मुझफ्फरपूर: बिहारमधल्या लिचीच्या हंगामातल्या आकड्यांमागे रात्री उपाशी झोपलेल्या मुलांतली साखर कोसळणं हे मोठं कारण होतं. लिचीतला एक नैसर्गिक विषारी घटक त्याला हातभार लावतो.

• ताप आणि त्यासोबत आकडी, बरळणं, ओळख न पटणं किंवा न उतरणारी गुंगी: यातलं काहीही दिसलं की घरी वाट न पाहता रुग्णालयात न्यावं. कारण कोणतं हे तिथे ठरेल.

जिथे घाव तिथे लक्षण

जपानी मेंदूज्वराचा विषाणू मेंदूत सगळीकडे सारखा पसरत नाही. दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत तो थॅलॅमस आणि मेंदूचा देठ इथल्या चेतापेशींत जास्त सापडतो. एमआरआयवर थॅलॅमसच्या दोन्ही बाजू उजळलेल्या दिसल्या की डॉक्टरांना या आजाराची शंका येते. थॅलॅमस म्हणजे सगळ्या संवेदनांचं जंक्शन. तो सुजला की शुद्ध जाते. हालचाल सुरळीत ठेवणारी केंद्रं दुखावली की रुग्णाचा चेहरा मुखवट्यासारखा कोरा होतो, हात थरथरतात, अंग ताठरतं. हे सगळं पार्किन्सनच्या म्हाताऱ्यात दिसावं तसं, पण सहा वर्षांच्या पोरात. कण्यातल्या पेशी गेल्या तर पोलिओसारखा एखादा पाय लुळा पडतो. मुलांमध्ये आकडी फार मोठ्या प्रमाणात येते.

जीव जातो तो बहुधा दाबामुळे. मेंदू सुजतो आणि कवटी ताणली जात नाही. दाब वाढत वाढत देठावर येतो, आणि श्वासाचं केंद्र तिथेच आहे. मेंदूज्वर झालेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत मृत्यू होतात. वाचलेल्यांतही कित्येकांच्या वाट्याला लुळेपण, फिट्स किंवा बुद्धीची हानी कायमची येते. काहींचा स्वभावच बदलून जातो. शाळेत परत गेलेलं मूल वरकरणी ठणठणीत दिसतं आणि चिडचिड करतं, विसरतं, मागे पडतं. या त्रासाची मोजदाद मृत्यूंच्या आकड्यांत होत नाही.

औषध उशिरा का पोचतं

मूल रुग्णालयात येतं तेव्हा रक्त तपासून बहुधा विषाणू सापडत नाही. रक्तातला मुक्काम संपलेला असतो. म्हणून पाठीतलं पाणी काढून त्यात या विषाणूविरुद्धची, लागणीनंतर सगळ्यात आधी तयार होणारी आयजीएम प्रतिपिंडं आहेत का, हे पाहतात. पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक घाबरतात, पाय अधू होईल म्हणतात. सुई टोचतात ती कमरेच्या खालच्या भागात, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो. ही भीती अनाठायी आहे आणि तिच्यापायी निदानाला उशीर होतो.

विषाणूवर थेट काम करणारं औषध आजही नाही. प्रयत्न झाले नाहीत असं नव्हे. थायलंडमध्ये दाह कमी करणारं डेक्सामेथासोन देऊन पाहिलं (१९९२), व्हिएतनाममध्ये इंटरफेरॉन (२००३), उत्तर प्रदेशात रिबाविरिन (२००९). तिन्ही वेळा, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांत फरक पडला नाही. विषाणूची आतापर्यंतची वाटचाल पाहिली तर याचं नवल वाटत नाही. आकडी येते त्या दिवशी विषाणूचं बरंचसं काम झालेलं असतं आणि पुढची हानी मेंदूतला दाह करत असतो. त्यामुळे उपचार म्हणजे आकडी थांबवणं, ताप उतरवणं, मेंदूवरचा दाब कमी करणं, श्वास चालू ठेवणं आणि मूल बेशुद्ध असताना त्याला नीट भरवणं, कुशीवर वळवणं. यात चमत्कार काही नाही, पण जीव वाचतात ते यानेच.

रक्तातच गाठायचं

विषाणूला अडवता येण्याजोगी जागा एकच उरते: चावा आणि मेंदू यांच्यामधले ते रक्तातले काही दिवस. लस तिथे काम करते. प्रतिपिंडं आधीपासून तयार असली, तर विषाणू फाटकापर्यंत पोचायच्या आतच पकडला जातो.

२००५ च्या साथीनंतर, २००६ पासून, भारताने चीनमध्ये तयार झालेली एसए १४-१४-२ ही लस मोहिमा काढून दिली. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस. तो दुबळा कसा झाला हे पाहण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत हॅमस्टरच्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या वाढवताना त्याच्यात काही बदल झाले. त्यातला महत्त्वाचा बदल आवरणातल्या प्रथिनाच्या १३८ व्या जागेवरचा. एक अमिनो आम्ल गेलं, दुसरं आलं. या अशा बदलांनी विषाणू पेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करायुक्त रेणूंना इतका घट्ट चिकटू लागतो, की रक्तात मोकळा फिरत राहत नाही, झटकन पुसला जातो. मेंदूपर्यंत जायला लागणारी सवडच त्याला मिळत नाही. पुढे २०१३ मध्ये एनआयव्ही आणि भारत बायोटेक यांनी मिळून जेनव्हॅक ही देशी लस आणली. ती मृत विषाणूची आहे आणि तिच्यासाठीचा विषाणू कर्नाटकातल्या कोलारमध्ये सापडलेला आहे. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मुलांनाही लस द्यायची मोहीम झाली. हा आजार आता फक्त धानपट्ट्याचा मानला जात नाही.

या लसीबाबत एक गोष्ट गोवर-पोलिओपेक्षा वेगळी आहे आणि ती पालकांना क्वचितच कुणी सांगतं. गोवर माणसाकडून माणसाला होतो, म्हणून आसपासच्या बहुतेक मुलांनी लस घेतली की न घेतलेलंही बऱ्यापैकी वाचतं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यात आणि डुकरात फिरत राहतो, त्याला माणसाची गरजच नाही. वर्गातल्या एकोणचाळीस मुलांनी लस घेतली तरी चाळिसाव्याचा धोका तसूभर कमी होत नाही. जोखमीच्या जिल्ह्यांत सरकारी केंद्रांवर ही लस फुकट मिळते: पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान.